‘ख्रिस्त’ हे आडनाव आहे का?

‘येशू ख्रिस्त’मधलं ‘ख्रिस्त’ हे आडनाव आहे का, आणि येशू अरामी बोलणारा ज्यू होता तर त्याला हा ग्रीक शब्द कसा चिकटला, असं एका वाचकाने विचारलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: आडनाव नाही, बिरुद आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधायला मात्र इ.स.पू. ३३३ मधल्या एका रणांगणावर जावं लागतं.

आधी अर्थ पाहू. ज्यू परंपरेत राजाच्या किंवा मुख्य याजकाच्या डोक्यावर तेल ओतून त्याला पद देत. असा अभिषेक झालेला तो हिब्रूत ‘माशियाह’. ग्रीकमध्ये ‘ख्रिओ’ म्हणजे माखणे, चोपडणे. त्यावरून ‘ख्रिस्तोस’, म्हणजे अभिषिक्त. सरळ भाषांतर. हिब्रू शब्दाचा अरबी भाऊ ‘मसीह’, आणि त्याच्याच घरातला आपला ‘मसीहा’. म्हणजे ‘ख्रिस्त’ आणि ‘मसीहा’ अर्थाने एकच.

आता रणांगण. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्सस इथे सिकंदराने इराणचा सम्राट तिसरा दारयवहु याचा पराभव केला. दारयवहु पळाला आणि सिकंदराला भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा मोकळा झाला. सात महिन्यांच्या वेढ्यानंतर टायर हे बंदराचं शहर पडलं, मग गाझा, मग इजिप्त. पॅलेस्टाइन या वाटेवरच होतं. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला, साम्राज्य सरदारांनी वाटून घेतलं, पण भाषा राहिली. तिचं नाव ‘कोइनी’, म्हणजे सामायिक. निरनिराळ्या ग्रीक बोली बोलणारे सैनिक, व्यापारी आणि वसाहतकरी एकत्र आले, त्यातून घडलेली ही बाजाराची, पत्रव्यवहाराची भाषा.

सिकंदराने वसवलेल्या अलेक्झांड्रियात पुढे इतके ज्यू स्थायिक झाले की त्यांच्या नव्या पिढ्यांना हिब्रू जड जाऊ लागली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तिथे त्यांच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. ‘माशियाह’च्या जागी ‘ख्रिस्तोस’ आला तो त्या भाषांतरात, येशूच्या जन्माच्या कितीतरी आधी. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात तर इराणचा राजा कुरुश यालाच देवाचा ‘ख्रिस्तोस’ म्हटलं आहे! मला या शब्दाचा सगळ्यात आवडणारा वापर हाच, कारण बिरुद म्हणजे काय ते त्यात स्वच्छ दिसतं.

त्यामुळे येशूच्या शिष्यांना नवा शब्द घडवावा लागला नाही, ऐकणाऱ्यांना नवी भाषा शिकावी लागली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या ग्रंथात, त्याचा शिष्य अंद्रिया भावाला सांगतो, ‘आम्हाला मशीहा सापडला आहे’, आणि लेखक लगेच अर्थ देतो: म्हणजे ख्रिस्त. येशूचा संदेश दूरवर नेणारा प्रचारक पौल हा तार्सस गावचा. हे गाव इस्ससच्याच मुलखातलं, किलिकियातलं. त्याने रोमच्या लोकांना पत्र लिहिलं तेही लॅटिनमध्ये नाही, ग्रीकमध्ये. रोमन रस्त्यांची मदत झालीच, पण त्या रस्त्यांवरून गेलेला मजकूर सिकंदराच्या विजयाने पसरलेल्या भाषेत होता.

अनुयायांना ‘ख्रिस्तियानोस’ हे नाव प्रथम अंत्युखिया (अँटिऑक) या शहरात मिळालं, आणि ते शहर वसवलं होतं सिकंदराचा सरदार सेल्युकस याने. या एका शब्दात कल्पना हिब्रू, धातू ग्रीक आणि प्रत्यय लॅटिन वळणाचा आहे. आपण तो प्रत्यय काढून मराठी ‘ई’ लावली आणि ‘ख्रिस्ती’ केलं. कोकणपट्टीत ऐकू येणारा ‘किरिस्ताव’ मात्र पोर्तुगीजांकडून आला.

जाता जाता उच्चाराचं. इंग्रजीमुळे काहींना ‘क्राइस्ट’ मूळ वाटतो आणि ‘ख्रिस्त’मधला ‘ख’ गावठी. प्राचीन ग्रीकमध्ये हा वर्ण महाप्राणच होता, आपल्या ‘ख’सारखा.

आणि वापराबद्दल: मराठी बायबलमध्ये, विशेषतः पौलाच्या पत्रांत, ‘ख्रिस्त येशू’ असाही क्रम येतो. दोन्ही बरोबर आहेत. ‘छत्रपती शिवाजी’ म्हणा की ‘शिवाजी छत्रपती’, तसंच हे.