वाहन-सल्ला : वापरलेली डर्ट बाईक पारखताना

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक असून माझी शाळा जावळी तालुक्यात, बामणोलीच्या पुढे, शिवसागर जलाशयाच्या काठावरील एका वाडीत आहे. शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि पावसाळ्यात वाटेत ओढा ओलांडावा लागतो. कराडमध्ये २०२१ सालची हीरो एक्सपल्स २०० विक्रीस आहे. मीटरवर १८,००० किलोमीटर दिसतात, गाडी नव्यासारखी चकचकीत आहे आणि ती ‘फक्त दोन-तीनदा कासला नेली’ असे मालक सांगतात. घेण्यापूर्वी काय पाहावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला ही गाडी रोज शाळा गाठण्यासाठी हवी आहे आणि त्या कामासाठी आपली निवड योग्य आहे. पुढचे २१ इंची चाक, २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) आणि पुढच्या शॉकअपची १९० मिलिमीटरची चाल यांमुळे अशा वाटेवर ती साध्या मोटारसायकलीपेक्षा निश्चितच सरस ठरते. मात्र पारख करताना मीटरवर आणि चकाकीवर विसंबू नये. चिखलातून व दगडांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास चाललेल्या गाडीचे किलोमीटर थोडेच भरतात, पण इंजिन तेवढा सगळा वेळ राबलेले असते. धूळ आणि पाणी गाडीत कुठवर शिरले आहे, यावरून तिची खरी झीज कळते.

जाण्यापूर्वी मालकांना फोन करून, गाडी धुऊन ठेवू नये आणि आपण येईपर्यंत सुरूही करू नये, अशी विनंती करावी. नुकत्याच धुतलेल्या इंजिनावर तेलाची गळती दिसत नाही आणि आधीच तापवलेले इंजिन थंडपणी सुरू होताना कुरकुरते का, हे कळत नाही. पोहोचताच इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळत आहे असे समजावे. सकाळच्या गारठ्यात दिसणारी पांढरी वाफ थोड्या वेळात नाहीशी झाली तर ती काळजीची बाब नाही.

यानंतर एअर फिल्टरचा डबा उघडण्याची परवानगी मागावी. माझ्या मते संपूर्ण तपासणीत या एका जागेइतकी खरी माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही, आणि नेमकी हीच जागा बहुतेक खरेदीदार पाहत नाहीत. फिल्टर मळलेला असणे हा दोष नव्हे, कारण धूळ अडवणे हेच त्याचे काम आहे. फिल्टर काढून त्याच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतल्या बाजूने, स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडके स्वच्छ निघाले तर उत्तम. त्यावर लालसर बारीक धूळ आली, तर यवतेश्वर-कासच्या बाजूची जांभ्याची ती माती फिल्टर ओलांडून सिलिंडरपर्यंत पोहोचली आहे आणि तिने पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत घासायला सुरुवात केली आहे, असे धरून चालावे. डब्याच्या तळाशी किंवा कडेला वाळलेल्या गाळाची आडवी रेघ दिसली, तर गाडी कधीतरी तेवढ्या पाण्यात बुडाली होती. अशा वेळी इंजिनातील तेल अवश्य पाहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे.

पुढचे चाक उचलण्यासाठी इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याला लाकडी ठोकळ्याचा टेकू द्यावा आणि एका माणसाला गाडी धरायला सांगावे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवताना ते मध्यावर अडखळले, तर बॉलरेस, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, बदलावी लागेल. शॉकअपचे खालचे टोक धरून पुढे-मागे ओढल्यावर खटखट जाणवली, तरी संशय बॉलरेसचाच घ्यावा. शॉकअपच्या चकचकीत दांड्यांवर नख फिरवावे. दगड लागून पडलेल्या बारीक खाचांत नख अडकले, तर शॉकअपमधले तेल अडवणारे ऑइल सील नवे घातले तरी ते पुन्हा फाटते. चाक फिरवून रिम डुलते का ते पाहावे आणि प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करावी. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेल्याचा आवाज बद्द येतो.

मागे चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, आडवा हलवून त्याच्या बेअरिंगची ढिलाई तपासावी. चेन मागच्या दातेरी चक्राच्या (स्प्रॉकेटच्या) अगदी मागच्या टोकाला बोटाने ओढावी. अर्धा दात उघडा पडण्याइतकी ती सुटत असेल, तर चेन-स्प्रॉकेटचा संच बदलण्याचा खर्च धरावा. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन अंक टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात.

सील, चेन, बॉलरेस, टायर हे झिजणारे भाग आहेत. त्यांचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा आणि गाडी खुशाल घ्यावी. हँडलच्या मुळाशी किंवा पाय ठेवण्याच्या दांड्यांच्या जोडापाशी चॅसीवर वेल्डिंग अथवा तेवढ्याच जागी नवा रंग दिसला, फिल्टरपलीकडे धूळ सापडली किंवा तेलात पाणी आढळले, तर मात्र कितीही स्वस्त मिळत असली तरी ती घेऊ नये. पावसात, मोबाईलला रेंज नसलेल्या वाटेवर आपण एकटे असणार आहात आणि मुले शाळेत आपली वाट पाहत असणार आहेत.

किमतीबाबत आणखी एक खुलासा आवश्यक आहे. या गाडीची चार व्हॉल्व्हची आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, त्यामुळे त्या वर्षातील गाडी दोन किंवा चार व्हॉल्व्हची असू शकते; किंमत ठरवण्यापूर्वी ती कोणती आहे याची खात्री करावी. आरसी पुस्तकातील नोंदी, इंजिन क्रमांक आणि चॅसीवर कोरलेला क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा.

प्रश्न : १५ वर्षांच्या मुलासाठी आमच्या द्राक्षबागेत चालवायला स्पर्धेची वापरलेली लहान डर्ट बाईक मिळते आहे. तिला नंबर नाही. घ्यावी का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : केवळ ट्रॅकसाठी बनवलेल्या अशा गाडीची आरटीओकडे नोंदणी होत नाही, त्यामुळे ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, बागेच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना मधला गावरस्ता लागत असेल, तर तिथेही नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. बाग सलग असेल आणि आपण स्वतः देखरेख करणार असाल, तरच विचार करावा. विक्रेत्याकडून मूळ खरेदीची पावती मागावी. अशा गाडीचे आयुष्य किलोमीटरऐवजी तासांत मोजतात, म्हणून पिस्टन शेवटचा किती तासांपूर्वी बदलला हे विचारावे आणि त्याचे गॅरेजचे बिल पाहावे. हेल्मेट, गुडघ्याचे व छातीचे संरक्षक कवच आणि घोट्याच्या वर येणारे बूट यांची रक्कम गाडीच्या किमतीतच धरावी.