मनातलं विचारा : घरी आलेत, पण ड्युटी सुटलेली नाही

प्रश्न : ताई नमस्कार. माझे मिस्टर आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन वर्ष होत आलं. शेवटी राष्ट्रीय रायफल्समधे काश्मीरला होते, तिथे त्यांचा जोडीदार स्फोटात गेला एवढंच मला त्यांच्या मित्राकडून कळलं, हे स्वतः अवाक्षर काढत नाहीत. रात्री उठून उठून कड्या बघतात, गच्चीवर जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहतात. एसटीत सीटखाली कुणाची बेवारस पिशवी दिसली की आम्हाला मधेच उतरवतात. कँटीनची रम आधी रविवारची होती ती आता रोजची झाली. परवा झोपेत ओरडत होते म्हणून हलवलं तर माझा गळाच धरला, मग स्वतःच रडत बसले. सासूबाई म्हणतात बाहेरचं झालंय, देवऋषाकडे न्या. दीर म्हणतात डॉक्टरकडे नेलं तर वेडा म्हणून कागदावर येईल अन् पेन्शन जाईल. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पत्रावरून निदान मी करणार नाही, ते डॉक्टरच करतील, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून पीटीएसडीचीच, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर राहून जाणाऱ्या धक्क्याच्या आजाराची शंका येते. अहो, रस्त्याकडेची पिशवी, डबा, ताजी उकरलेली माती यावर नजर ठेवणं हीच तिथली नोकरी होती, नजर चुकली की माणूस गेला. ते अंगात मुरलंय, घरी आल्यावर आपोआप कसं उतरेल? पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणायचे, आणि तेव्हा ब्रिटिशांनी भित्रे, पळपुटे म्हणून स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यातले कितीतरी असेच हादरलेले होते. गोळ्या घातलेल्या अशा ३०६ जणांना मरणोत्तर माफी मिळायला २००६ साल उजाडलं. तेव्हा सासूबाईंवर चिडू नका, शिकलेल्या सरकारांनाही हे समजायला वेळ लागला.

नोकरीत असताना ते का बोलले नसतील तेही समजून घ्या. फौजेत शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट अशी मेडिकल कॅटेगरी लागते, त्यातला एस म्हणजे मनाची तब्येत, तो बिघडला की लो मेडिकल कॅटेगरी, मग प्रमोशन अडकायची भीती, म्हणून माणसं तोंड दाबून दिवस काढतात. पण आता ते रिटायर आहेत. मानसोपचार घेतले म्हणून कमावलेली पेन्शन बंद होत नाही, दिरांना हे ठणकावून सांगा.

जवळच्या ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधे जा, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करतात. लगेच यायला तयार नसतील तर आधी तुम्ही स्वतः १४४१६ वर फोन करा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनची ही सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि फौजी व त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, २०२३ साली त्यांचा वेगळा सेल सुरू झाला. यावर गोळ्या आहेत, ठराविक पद्धतीची बोलून करायची थेरपीही आहे, बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो पण आठवडे-महिने लागतात. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका, त्यात वर रम म्हणजे जिवाशी खेळ. आणि रोजची दारू एका झटक्यात बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, तेही डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

झोपेत ओरडले तर हात लावायचा नाही. दाराजवळ उभं राहून लाईट लावायची, नावाने हाक मारायची, तुम्ही घरी आहात असं सांगायचं. "काय झालं तिथं, सांगा ना" असं खोदून विचारू नका.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारते. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी बरेच जण बारा बोअरचं लायसन काढतात. घरात बंदूक असेल तर त्यांच्याशी बोलून ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, भावाबिवाकडे ठेवू नका, ते कायद्यात बसत नाही. आणि मरणाची भाषा बोलले तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न : आमच्या गावचा जवान पुढच्या महिन्यात रिटायर होऊन येतोय, मंडळातर्फे जीपमधून मिरवणूक काढायची आहे. काही चुकीचं आहे का?
– मंडळाचा कार्यकर्ता, सांगली जिल्हा

उत्तर : काढा की, पण आधी त्याला फोन करून विचारा, सरप्राईज नको. ढोल-ताशा वाजू दे, सुतळी बॉम्ब मात्र ठेवून द्या. "किती मारले रे?" हा प्रश्न पोरांना आधीच बंद करून ठेवा. आणि त्या जीपच्या डिझेलला वर्गणी काढताय तसं दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी त्याच्या घरी चहालाही जा, कारण हार-तुरे झाल्यावर त्या दारात कुणी फिरकत नाही.