पाऱ्याने पक्षी मरतात म्हणे, मग मेलेले पक्षी दिसत का नाहीत? आणि साप-कासवांचं काय?

दोन प्रश्न आहेत तुमचे. नद्या-तळ्यांत एवढा पारा जातोय तर पक्षी पटापट मरून पडलेले का दिसत नाहीत, आणि साप, कासव, मगरी यांना त्याचं काही होतं की नाही, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मी जड धातूंच्या टेस्टिंगचं काम करतो, त्यामुळे यातलं थोडंफार माहितीये, तेवढं सांगतो.

पडलेले पक्षी दिसलेत, पण डोस प्रचंड होता तिथेच. जपानमधल्या मिनामाताला कारखान्याचं सांडपाणी खाडीत जायचं, तिथे 1950 च्या दशकात मांजरं वेड्यासारखी नाचत मरायची आणि कावळे उडता उडता खाली पडायचे. स्वीडनमध्ये त्याच सुमारास पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याचं औषध चोळायचे, ते दाणे टिपून पाखरं मेली आणि ती पाखरं खाऊन शिकारी पक्षीही मेले. 1966 ला तिथे ते औषध बंद केलं.

पण आज जगभर जो प्रकार चालू आहे तो याहून खूप कमी डोसचा आहे, आणि त्यात पक्षी मरत नाही, त्याची वीण बिघडते. म्हणजे पक्षी दिसायला ठणठणीत, उडतोय, खातोय, फक्त पिल्लं कमी निघतात, आणि न जन्मलेलं पिल्लू कुणाला दिसणार?

पारा अंगात जातो कसा ते पटकन सांगतो. कोळशाच्या धुरातून किंवा सोन्याच्या छोट्या खाणींतून सुटलेला पारा शेवटी पाण्यात, दलदलीत येतो, तिथल्या गाळात ऑक्सिजन नसलेल्या जागी काही बॅक्टेरिया त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि हा प्रकार अंगातून लवकर निघत नाही. शेवाळ, किडे, छोटा मासा, मोठा मासा असं करत प्रत्येक पायरीला तो वाढतो. त्यामुळे पाण्याची टेस्ट अगदी नॉर्मल येते आणि त्याच तळ्यातला मासा खाणारा पक्षी मात्र भरलेला असतो.

आता वीण बिघडते म्हणजे काय. उत्तर अमेरिकेत लून म्हणून मासे खाणारा पाणपक्षी आहे, त्यात जास्त पारा असलेल्या जोड्यांची उडण्याएवढी मोठी होणारी पिल्लं 41 टक्के कमी निघाली, कारण एक म्हणजे असे पक्षी सुस्तावतात, अंड्यांवर बसायचं सोडून उठून जातात. मॅलार्ड बदकांना खाण्यातून फक्त 0.5 पीपीएम (म्हणजे खाण्याच्या दहा लाख भागांत अर्धा भाग) पारा दिला तर माद्या घरटं सोडून भलतीकडेच अंडी घालायला लागल्या आणि त्यांची पिल्लं आईच्या हाकेला नीट ओ देईनात. फ्लोरिडातल्या पांढऱ्या शराटींवरचा प्रयोग तर फारच गाजला. पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांना तीन वर्षं 0.05 ते 0.3 पीपीएम दिला आणि सगळ्यात जास्त डोसच्या गटात एका हंगामात निम्म्याहून जास्त नरांनी नरांशीच जोडी जमवली. बातम्यांनी त्याची चेष्टा केली ते सोडा. मुद्दा असा की हा डोस जंगलात सहज मिळण्याइतका छोटा आहे आणि नर-मादीच्या जोड्यांतही पिल्लं कमीच झाली.

बऱ्याच जणांना वाटतं की हे फक्त मासे खाणाऱ्यांचं दुखणं आहे. तसं नाहीये. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या साउथ रिव्हर नदीत ड्यूपॉन्ट या केमिकल कंपनीच्या कारखान्यातून 1929 ते 1950 पारा गेला, आणि काठावरच्या झाडीतल्या, मासा कधी न खाल्लेल्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांतही तो भरपूर सापडला. आला कुठून तर कोळ्यांतून. कोळी दुसरे किडे खातो म्हणजे साखळीत एक पायरी वर, आणि पिल्लांना भरवायला पक्षी कोळी आवडीने आणतात.

पक्ष्यांकडे एक सोय आहे मात्र. पीस वाढत असताना रक्तातला पारा पिसात जाऊन घट्ट बसतो आणि पीस झडलं की तेवढा अंगाबाहेर गेला. टेस्टिंगवाल्यांना पीस आवडतं ते यामुळेच. ॲसिटोनने धुऊन बाहेरची धूळ काढायची, छोटा तुकडा कापून मशीनमध्ये जाळायचा, सुटलेली वाफ सोन्याच्या ट्रॅपवर अडकते, तो ट्रॅप तापवला की पारा सुटतो आणि आकडा समोर येतो. (सोनं पाऱ्याला धरून ठेवतं म्हणून ट्रॅप सोन्याचा, आणि खाणींत पारा ओततात तेही त्याचसाठी.) म्युझियममधली जुनी पिसंसुद्धा चालतात, स्वीडनमध्ये तशीच तपासली तेव्हा 1940 नंतर पारा एकदम चढलेला दिसला.

सरपटणाऱ्यांकडे पिसं नाहीत. कात टाकली, नखं-खवले वाढले, त्यातून थोडा जातो पण पिसांइतका नाही. वर अंगातली सगळी कामं सावकाश चालतात म्हणून पारा बाहेर पडायलाही वेळ लागतो, आणि कासवं-मगरी जगतात कित्येक वर्षं, म्हणजे साठवायला वेळच वेळ. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीतल्या बर्मीज अजगरांत इतका पारा निघाला की त्यांचं मांस खाऊ नका असं सांगावं लागलं. पण असा साप आजारी दिसेलच असं नाही, म्हणूनच त्यांच्यावर अभ्यास पक्ष्यांच्या मानाने फारच कमी झालाय आणि मला विचाराल तर खरी अडचण ही आहे.

जे झालंय त्यात साउथ रिव्हरच्याच स्नॅपिंग टर्टल कासवांचं काम चांगलं आहे. मादीच्या अंगातला पारा अंड्यांत उतरतो, आणि जिथे तो जास्त तिथे अंडी फळतच नाहीत किंवा आतला गर्भ अर्ध्यात मरतो. मादी स्वतः बघायला गेलं तर धडधाकट, दरवर्षी येऊन अंडी घालून जाणार.

सोर्स बंद केला तर सुधारतं का, हे पुढे कुणीतरी विचारेलच. कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांवर कंट्रोल आल्यावर दक्षिण फ्लोरिडातल्या मोठ्या बगळ्यांच्या पिल्लांच्या पिसांतला पारा 1990 च्या दशकात बराच खाली आला, म्हणजे हवेतून येणाऱ्याचा फरक लवकर दिसू शकतो. गाळात आणि काठाच्या मातीत बसलेल्याचं मात्र वेगळं आहे, साउथ रिव्हरमध्ये पारा सोडणं 1950 ला थांबलं आणि त्या कासवांच्या टेस्ट त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी झाल्यात.