आपली गाडी, आपले प्रश्न : हायब्रिड एसयूव्हीची दुखणी आणि दुरुस्तीचा खर्च

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांत हायब्रिड एसयूव्हीविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा करतो. ज्या गाडीतील विद्युत मोटर इंजिन बंद ठेवूनही चाके फिरवू शकते ती ‘स्ट्राँग हायब्रिड’, आणि ज्या गाडीत छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते ती ‘माइल्ड हायब्रिड’. या दोहोंची दुखणी वेगळी आणि बिलेही वेगळी असतात. पुढील उत्तरे प्रामुख्याने स्ट्राँग हायब्रिड गाड्यांना लागू आहेत.

प्रश्न : आमची स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही तीन वर्षांची आहे. मुलाकडे पुण्याला गेल्यामुळे गाडी तीन-चार आठवडे बंद होती. परत आल्यावर ती सुरूच होईना. दरवाजेही किल्लीतल्या पात्याने उघडावे लागले. ‘हायब्रिड बॅटरी बसली असेल, खर्च मोठा येईल’ असे फोनवर सांगण्यात आले. खरोखर एवढा खर्च येईल का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : दरवाजेही उघडले नाहीत, ही आपण दिलेली माहितीच निदानाला पुरेशी आहे. स्ट्राँग हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. चाके फिरवणारी मोठी बॅटरी विजेच्या उच्च दाबाची (हाय व्होल्टेज) असते, तर दरवाज्यांची कुलपे, दिवे आणि संगणक चालवणारी दुसरी बॅटरी साध्या गाडीसारखीच १२ व्होल्टची असते. गाडी चालू करताना मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे तिची वीज जोडणारी कळ, ही छोटी बॅटरीच जोडते. त्यामुळे छोटी बॅटरी उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही. आपल्या गाडीत बहुधा हेच झाले आहे. या प्रकारच्या गाड्यांबाबत येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार फार जुनी आणि फार सामान्य आहे.

१२ व्होल्टची बॅटरी प्रथम चार्ज करून तपासून घ्यावी. ती खराब निघालीच, तर बदलण्याचा खर्च प्रकारानुसार साधारण पाच ते दहा हजारांच्या घरात जातो. ज्या मॉडेलमध्ये ही बॅटरी डिकीत किंवा केबिनमध्ये असते, तेथे वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशाच प्रकारची बॅटरी घ्यावी. दुकानदार ‘मापात बसते’ म्हणून देईल ती घेऊ नये. पुन्हा बाहेरगावी जाताना किल्ली गाडीपासून लांब ठेवावी, कारण स्मार्ट किल्ली जवळ असल्यास गाडी तिला वरचेवर हाक देत राहते. शेजाऱ्यांना आठ-दहा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास सुरू ठेवण्यास सांगावे. मात्र डॅशबोर्डवर ‘रेडी’ हा शब्द आला पाहिजे. नुसते बटण दाबून गाणी लावून बसल्यास बॅटरी भरण्याऐवजी उतरते.

मोठ्या बॅटरीची भीती तूर्त बाळगू नये. भारतात विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायरायडर आणि मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा या भावंड गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी आहे.

प्रश्न : मे महिन्यात एसी थंड होईना म्हणून ओळखीच्या दुकानात गॅस भरून घेतला. दोन दिवस बरे चालले, मग डॅशबोर्डवर हायब्रिड प्रणाली तपासण्याचा इशारा आला आणि गाडीची ताकद कमी झाली. आता सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसर बदलण्याचे मोठे एस्टिमेट दिले असून ‘बाहेरच्या कामामुळे वॉरंटी नाही’ असेही सांगितले आहे. गॅसचा आणि हायब्रिडचा काय संबंध?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : संबंध आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो प्रत्येक हायब्रिड मालकाने माहीत करून घेतला पाहिजे. साध्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन सिग्नलवर बंद पडले तरी थंडावा मिळावा म्हणून कॉम्प्रेसर विजेवर, तेही मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबावर चालतो. त्याची मोटर कॉम्प्रेसरच्या आतच, गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलात असते. म्हणून या कॉम्प्रेसरसाठी वीजरोधक असे वेगळे तेल ठरवून दिलेले असते, ज्याला कारागीर ‘पीओई’ म्हणतात. साध्या गाड्यांत वापरले जाणारे ‘पीएजी’ तेल थोडेसे जरी आत गेले, तरी विजेचा रोध घटतो. उच्च दाबाची वीज गाडीच्या सांगाड्याकडे झिरपत असल्याचे संगणकाला जाणवते आणि तो सुरक्षिततेसाठी इशारा देऊन ताकद कमी करतो. तेल कोणी मुद्दाम ओतलेच पाहिजे असेही नाही. दिवसभर साध्या गाड्यांना लावलेले गॅस भरण्याचे यंत्र आणि त्याच्या नळ्यांत उरलेले तेल एवढेही पुरते.

तरीही एस्टिमेटवर लगेच सही करू नये. सर्व्हिस सेंटरकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात : संगणकात नोंदलेला दोषाचा कोड, वीजरोधाच्या मोजणीचा आकडा, कॉम्प्रेसरची जोडणी काढल्यावर तो आकडा सुधारला का याची नोंद, आणि भाग, मजुरी व जीएसटी वेगवेगळे दाखवणारे एस्टिमेट. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. कॉम्प्रेसर वेगळा करूनही दोष कायम राहत असेल, तर दोष दुसरीकडे, म्हणजे केबलमध्ये, इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग) किंवा बॅटरीच्या कप्प्यात आहे, आणि नवा कॉम्प्रेसर बसवूनही इशारा परत येईल. ही तपासणी फार वेळखाऊ नाही, परंतु गर्दीच्या दिवसांत ती टाळून थेट ‘असेंब्ली बदला’ असे सांगण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते.

दोष कॉम्प्रेसरचाच ठरला, तर खर्च टळणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. तेलाची भेसळ झालेली असताना नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. संपूर्ण एसी मार्ग साफ करावा लागतो आणि काही भाग बदलावे लागतात. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. एस्टिमेट जुन्या २८ टक्क्यांच्या दराने तर काढलेले नाही ना, तेवढे पाहावे. वॉरंटीबाबत मात्र सेंटरची भूमिका पूर्ण चुकीची नाही. बाहेरच्या कामामुळे झालेले नुकसान ते नाकारू शकतात. परंतु त्या कामाशी संबंध नसलेल्या भागांची वॉरंटी त्याच कारणाने संपली असे म्हणता येत नाही, आणि तसे ते म्हणत असतील तर लेखी द्यावे असा आग्रह धरावा.

याच पत्रात आपण मागील सीटजवळून पंख्याचा मोठा आवाज येतो असे ओझरते लिहिले आहे. त्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. तो मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा आहे. तो केबिनमधली हवा ओढतो आणि बहुतेक गाड्यांत त्याची जाळी मागच्या सीटखाली किंवा सीटच्या कडेला असते. तेथे आपल्याकडची बारीक धूळ, केस, चादरीचे तंतू साचतात. जाळी बंद झाली की पंखा जोरात फिरतो, बॅटरी तापते, आणि उष्णता हीच बॅटरीच्या आयुष्याची खरी शत्रू आहे. आपल्या भागात जाळी दर सर्व्हिसला काढून साफ करण्यास सांगावे आणि ते जॉब कार्डवर लिहून घ्यावे. काम काही मिनिटांचे आहे. त्या जाळीसमोर पिशवी, उशी किंवा सतरंजी ठेवणे मात्र आजपासून बंद करावे.

प्रश्न : उंदरांनी बॉनेटखालची वायरिंग कुरतडली. त्यात नारिंगी रंगाची एक जाड केबलही आहे. विमा मिळेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची वाहिनी. तिला टेप गुंडाळून गाडी चालवू नये आणि कोणालाही हात लावू देऊ नये. प्रशिक्षित कारागीरसुद्धा सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा खटका) काढून, आतील वीज उतरेपर्यंत थांबून मगच काम सुरू करतो. साध्या बारीक तारा जोडता येतात, ही केबल पूर्ण बदलावी लागते.

विम्याबाबत दोन मुद्दे ध्यानात ठेवावेत. सर्वसाधारण वाहन विम्यात झीज आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो. म्हणून दाव्यात ‘वायरिंगमध्ये बिघाड’ असे न लिहिता ‘उंदरांनी कुरतडल्यामुळे झालेले नुकसान’ असेच, छायाचित्रांसह लिहावे आणि सर्व्हेअर येण्यापूर्वी काहीही उघडू नये. दुसरे असे की रबर, प्लॅस्टिकचे भाग आणि बॅटरी यांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो. आपल्याकडे झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचा जोड असेल तर बराच भार हलका होईल. मोठी बॅटरी या जोडात धरली आहे की तिच्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो, हे कंपनीगणिक बदलते; नूतनीकरणाच्या वेळी ते ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात आहे. तिकडे हायब्रिड एसयूव्हीची केबल गंजून हजारो डॉलरचे बिल आल्याच्या बातम्या त्याने कळवल्या. आमच्याही गाडीत हा धोका आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आपल्या मुलाने कळवलेले खरे आहे. टोयोटाच्या २०१९ पासूनच्या काही वर्षांच्या रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये मागील चाकांसाठी स्वतंत्र मोटर आहे आणि तिच्याकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या केबलची जोडणी गाडीखाली उघड्यावर होती. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचे पाणी तेथे साचून ती गंजत असे. तक्रारी वाढल्यानंतर कंपनीने त्या भागावरील हमीची मुदत वाढवली. आपण पत्रात नाव दिलेल्या आपल्या गाडीच्या मॉडेलची स्ट्राँग हायब्रिड आवृत्ती मात्र फक्त पुढच्या चाकांवर चालते. तिला मागे मोटरच नाही. शिवाय आपल्या रस्त्यांवर मीठ नसते, खड्डे असतात. त्यामुळे आपण सस्पेन्शनचे बुश आणि टायर यांच्या खर्चाची तजवीज ठेवावी.

प्रश्न : ग्रँड व्हिटाराच्या माहितीपत्रकात लिटरला २७.९७ किलोमीटर लिहिले आहे. मला पुणे-सोलापूर प्रवासात त्याच्या जवळपासही मिळत नाही. दोष आहे का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : दोष नाही. तो आकडा चाचणीगृहातला आहे. हायब्रिडची बरीचशी बचत ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेतून होते. महामार्गावर एकसारख्या वेगात ब्रेक फारसा लागत नाही आणि बहुतेक वेळ इंजिनच चालते. शहरातल्या फेऱ्यांचे ॲव्हरेज वेगळे काढून पाहावे. त्यातच आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. इथेनॉल बनवणाऱ्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून याबद्दल फार तक्रारही करता येत नाही!

प्रश्न : आषाढी वारीच्या गर्दीत गाडी तासभर न्यूट्रलमध्ये, एसी लावून उभी होती. नंतर ती बंद पडली आणि ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली. यामुळे काही नुकसान झाले असेल का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी भरत नाही, उलट एसी ती रिकामी करत राहतो. कोंडीत गाडी पार्किंगवर किंवा ड्राइव्हवरच ठेवावी. पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढणे अधिक धोक्याचे, कारण चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज निर्माण करते. गाडी पूर्णपणे ट्रकवर चढवून नेणेच उत्तम. आता तरी ट्रान्सअ‍ॅक्सल (मोटर व गिअर एकत्र असलेला भाग) आणि इन्व्हर्टरची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : चार वर्षे वापरलेली हायब्रिड एसयूव्ही विकत घेत आहे. काय तपासावे?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : अधिकृत सेंटरमधील सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि बॅटरीच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. हमीची मुदत आपल्या खरेदीपासून नव्हे, गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजली जाते; त्यामुळे आपल्या वाट्याला फार तर चार वर्षे उरतात. इन्व्हर्टरला स्वतःचे कूलंट आणि पंप असतो. त्या टाकीतील पातळी पाहावी, कारण इंजिनाचे कूलंट पाहून पुष्कळ जण तेवढ्यावर थांबतात. ब्रेकच्या चकत्यांवर खोल गंज आहे का तेही पाहावे; या गाड्यांत ब्रेक कमी वापरले जात असल्याने पॅड दीर्घकाळ टिकतात, पण फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या चकत्या खराब होतात.

शेवटी, चासी क्रमांक देऊन रिकॉलचे काम बाकी आहे का, हे सेंटरला विचारावे. डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या सुमारे ३९,५०० ग्रँड व्हिटारा इंधनाच्या काट्यातील संभाव्य दोषामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये परत बोलावण्यात आल्या होत्या. आपण पाहत असलेली गाडी त्याआधीची आहे, तरीही चौकशी करावी. रिकॉलचे काम विनामूल्य होते आणि मालक बदलला म्हणून ते नाकारले जात नाही.