काम करायची इच्छा असेल तर काम मिळतंच ना? मग लोक बेकार का राहतात?

तुम्ही विचारलंय की लोक पोटासाठी काम करतात हे समजतं, पण खरंच कष्ट करायची तयारी असलेला माणूस बेकार राहतोच कसा. बेकारी म्हणजे शेवटी आळसच नाही का? हा समज नोकरी गेलेल्या माणसाला घरात आणि बाहेर फार छळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम कधीच संपत नाही. आजाऱ्यांची सेवा, मुलांना शिकवणं, तुंबलेली गटारं, गळकी छपरं. करण्यासारखं पुष्कळ पडलेलं असतं. त्यातलं एखादं काम नोकरी तेव्हाच होतं, जेव्हा त्याचे पैसे मोजणारा कुणी असतो. मालक पगार देतो तो गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांतून, आणि बहुतेक गिऱ्हाइकांकडे पैसा येतो तो त्यांच्या स्वतःच्या पगारातून. तुमचा खर्च ही माझी कमाई, माझा खर्च ही तुमची. सगळ्यांनी एकदम धास्तीनं हात आखडता घेतला की सगळ्यांचीच कमाई घटते. मालाला उठाव नाही म्हणून माणसं कमी होतात, आणि कमी झालेली माणसं आणखी कमी खरेदी करतात.

अमेरिकेत १९२९ साली बेकारी ३ टक्क्यांच्या आसपास होती. १९३३ मध्ये ती सुमारे २५ टक्क्यांवर पोचली. यंत्रं तीच होती, जमीन तीच, माणसंही तीच. चार वर्षांत देशातला दर चौथा कामगार आळशी झाला, असं कोण म्हणेल? पुढे महायुद्धात सरकारनं अफाट खर्च सुरू केला आणि १९४४ साली बेकारी १.२ टक्क्यांवर आली. लाखो तरुण सैन्यात गेले होते, हा त्यातला मोठा भाग खरा. पण आधी ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, अशा कितीतरी जणांना कारखान्यांनी त्या काळात बोलावून घेतलं. एवढ्यात त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. त्यांनी बनवलेल्या मालाला मागणी आली होती.

यावर हमखास येणारा मुद्दा असा, की बेकार माणसानं कमी पगारात काम मागावं, कुणीतरी घेईलच. तसं सहसा होत नाही. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात १९१३ साली माणसं इतकी सोडून जात, की सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं. म्हणजे एका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाला ५ डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट मोबदला जाहीर केला. कामगारांना गाडी घेता यावी म्हणून त्यानं असं केलं, ही गोष्ट लोकांना आवडते; मुख्य कारण मात्र गळती थांबवणं हे होतं. मालकाला नुसता स्वस्त माणूस नको असतो, टिकणारा आणि मन लावून काम करणारा हवा असतो. म्हणून मंदीत तो सगळ्यांचे पगार कापून सगळ्यांना नाराज करण्यापेक्षा काहींना कमी करतो, आणि बाहेरचा माणूस अर्ध्या पगारात यायला तयार असला तरी बाहेरच राहतो.

तेजीतही थोडी बेकारी राहतेच. जागा एकीकडे, माणूस दुसरीकडे. कसब एक, मागणी दुसऱ्याची. दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. याच शोधाशोधीच्या अभ्यासाबद्दल डायमंड, मॉर्टेन्सेन आणि पिसारिडीस यांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता, लोक फक्त पैशासाठीच काम करतात का? पैसा पहिला, यात शंका नाही. पण ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावात कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये तिथल्या माणसांचा बारकाईनं अभ्यास केला. वाचायला वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. संस्था-मंडळांतली उपस्थिती रोडावली. पुरुष रस्त्यानं सावकाश चालू लागले, दिवसभर काय केलं हे त्यांना धड सांगता येईना. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. आपण ज्याला आळस म्हणतो, तो तिथे नोकरी गेल्यानंतर आला होता. गिरणी त्यामुळे बंद पडली नव्हती.

एक गोष्ट बेकारीचे आकडे वाचताना लक्षात ठेवा. हातात काम नाही, काम करायला तयार आहे आणि काम शोधतही आहे, अशालाच साधारणपणे बेकार धरतात. दिवसभर घर सांभाळणारी बाई त्यात नाही. थकून शोध सोडून दिलेला माणूसही नाही. त्यामुळे बेकारीचा दर खाली आल्याची बातमी दिसली, की किती जणांना काम लागलं हा आकडा वेगळा शोधून पाहा.