घराभोवतीच्या फळझाडांची छाटणी शिकायची कशी? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की आंबा, पेरू आणि लिंबाची कलमं लावून तीन वर्षं झाली, झाडं वेडीवाकडी वाढलीत, पण कात्री हातात घेतली की धीर होत नाही. होत नाही तेच बरं. मला पहिल्या वर्षी तो जरा जास्तच झाला होता.

मी पेरूच्या सगळ्या फांद्या कुंपणाच्या झुडपांसारख्या एका उंचीवर कापल्या. थोड्याच दिवसांत प्रत्येक कापाखालून चार-पाच धुमारे निघाले, झाडाची उलटी केरसुणी झाली आणि आत ऊन शिरेना. तेव्हा कळलं की काप दोन प्रकारचे असतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा मारला की ते डोळे एकदम फुटतात. तीच फांदी जिथून निघाली तिथूनच काढली, तर जागा मोकळी होते आणि फुटव्यांची गर्दी फारशी होत नाही. झाड दाट हवं तर पहिला काप, विरळ हवं तर दुसरा. नवशिक्याची गफलत बहुतेक इथेच होते.

दुसरं म्हणजे, फळ कुठे धरतं ते झाडागणिक वेगळं. पेरूला नव्या फुटीवर फुलं येतात, म्हणून त्याला छाटणी मानवते. आंब्याचा मोहर जून झालेल्या काडीच्या शेंड्यातून निघतो. त्यामुळे त्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच करायची, म्हणजे नवी पालवी जून व्हायला वेळ मिळतो. मोहराच्या तोंडावर शेंडे मारलेत तर त्या सालचे आंबेच कापलेत म्हणा. लिंबाला हात कमी लावावा: वाळक्या काड्या आणि सरळ वर पळणारे पाणसोट काढले की पुरे. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट मात्र कुठल्याही झाडाची असो, दिसताक्षणी काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची असते, तुम्ही लावलेल्या जातीची नव्हे.

झाडं अजून लहान आहेत, तेव्हा कात्रीपेक्षा सुतळी जास्त उपयोगी पडेल. चहूबाजूंना जाणाऱ्या तीन-चार फांद्या निवडा, एकाच ठिकाणाहून फुटलेल्या नकोत. खोडाला चिकटून चढणाऱ्या फांदीच्या बेचक्यात साल अडकते, जोड कच्चा राहतो आणि फळांच्या ओझ्याने ती फाटते. अशी फांदी कोवळी असतानाच बाहेर ओढून बांधा. आडव्या फांदीच्या वाढीचा जोर ओसरतो आणि ती फळाकडे लवकर वळते. सुतळी मधूनमधून सैल करायला विसरू नका, सालीत रुतते.

जाड फांदी करवतीने तीन कापांत काढायची: थोडं बाहेर, आधी खालून अर्धवट, मग वरून, आणि शेवटी उरलेली खुंटी. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं दिसतं, त्याच्या अगदी बाहेरून कापा. कडं कापलं तर जखम भरायला फार वेळ लागतो. लांब खुंटी ठेवली तर ती कुजते.

एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी काढू नका. कापण्याआधी फोटो काढा आणि तीन महिन्यांनी त्याच कापापाशी जाऊन काय फुटलंय ते बघा. माझं निम्मं शिक्षण या फोटोंवर झालं. सुरुवात पेरूपासून करा, तो चुका पोटात घालतो. माझी ती केरसुणीसुद्धा दोन वर्षांत सावरली.