४के फुटेज अडखळते तेव्हा

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो. संगणकात १६ जीबी रॅम आहे, विंडोज आणि व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर प्रीमिअर प्रो ५१२ जीबीच्या एसएसडीवर आहेत आणि फुटेज २ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर असते. दोन कॅमेऱ्यांचे ४के फुटेज टाइमलाइनवर घेतले की प्लेबॅक अडखळतो. एक्सपोर्ट चालू असताना कधी कधी डिस्कचा संपर्कच तुटतो. वेगवान एसएसडी घेतल्यास हे थांबेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : खर्च करण्यापूर्वी एक हिशेब मांडून पाहावा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट दराने रेकॉर्ड करत असेल, तर ते सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात. दोन कॅमेऱ्यांचे पंचवीस. साधी हार्ड डिस्कही सलग वाचनात याहून बरीच अधिक माहिती देते. दोन ठिकाणचे फुटेज एकाच वेळी वाचताना तिचा वेग घसरतो हे खरे, पण अडखळण्याचे मुख्य कारण बहुधा निराळे असते. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या प्रकारांत पूर्ण चित्र ठरावीक अंतरानेच साठवलेले असते आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ बदलांची नोंद असते, त्यामुळे एखादी फ्रेम दाखवण्यासाठी प्रोसेसरला तिच्या आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. फुटेज १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची अधिक माहिती साठवणारे, असेल तर हे काम अनेक ग्राफिक्स कार्डांना झेपत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. हा भार नवी एसएसडी हलका करू शकत नाही.

म्हणून माझा आग्रह प्रॉक्सीचा, म्हणजे फक्त संपादनापुरत्या वापरायच्या हलक्या प्रतींचा आहे. फुटेज आयात करतानाच १२८० बाय ७२० आकाराच्या, प्रोरेस या प्रकारातील प्रॉक्सी फाइल तयार करून त्या आतल्या एसएसडीवर ठेवाव्यात. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने मागेपुढे सरकणे सहज होते, आणि एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होत असल्याने दर्जा कमी होत नाही. प्रॉक्सी आणि मूळ फाइल यांतील ऑडिओ चॅनेलची संख्या मात्र सारखी असावी, अन्यथा त्या जोडल्या जात नाहीत. मीडिया कॅशही (प्रीमिअर स्वतः बनवते त्या तात्पुरत्या फाइल) एसएसडीवरच ठेवावी, परंतु ती वाढत जाऊन जागा व्यापते. प्रेफरन्सेसमध्ये जुन्या कॅश फाइल आपोआप काढून टाकण्याची सोय आहे, ती सुरू करावी. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नये, कारण भरत आलेल्या एसएसडीचा लेखनवेग मंदावतो.

संपर्क तुटण्याबाबत प्रथम केबलवर संशय घ्यावा. मोबाइल चार्जिंगच्या अनेक टाइप-सी केबल केवळ यूएसबी २.० च्या असतात आणि त्यांतून सेकंदाला जेमतेम चाळीस मेगाबाइट जातात. आखूड, चांगली केबल हबशिवाय थेट संगणकाच्या मागील पोर्टला जोडावी आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करावे. एक्सपोर्टची फाइल आतल्या एसएसडीवर उतरवावी, म्हणजे एकाच डिस्कवर वाचन आणि लेखन एकदम होणार नाही. एवढे करूनही संपर्क तुटत राहिला, तर डिस्कमधील सर्व फुटेज आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि त्यानंतरच पुढची तपासणी करावी.

प्रश्न : वेगासाठी दोन हार्ड डिस्क रेड-० पद्धतीने जोडाव्यात का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ग्राहकाच्या फुटेजची एकमेव प्रत ठेवण्यासाठी मुळीच नाही. रेड-० मध्ये प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर विभागली जाते, त्यामुळे एक बिघडली तरी सर्वच जाते. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच माहिती असते, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी तारते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते. म्हणून वेगळी प्रत लागतेच. दोन स्वतंत्र डिस्कवर प्रती झाल्या आणि त्या उघडून तपासल्या, की मगच कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करावे.